मेगनच्या वर्गातले शिक्षक

'मेगन्स स्टोरी' हा छोटा चित्रपट ऑस्ट्रेलियात २०१० साली निघाला. इंटरनेट आणि मोबाइल फोन जपून कसे वापरावेत हे शाळाशाळांतून सांगण्यासाठी तेथे 'थिंक यू नो' नावाचा कार्यक्रम सुरू झाला होता. कार्यक्रम मूळचा ब्रिटनमधला. ऑस्ट्रेलियात तो तिथल्या केंद्रीय पोलीस दलाच्या सहभागाने उभा राहिला. चित्रपटाचा विषय 'सेक्स्टिंग', म्हणजे स्वतःची नग्न किंवा अर्धनग्न छायाचित्रे फोनवरून दुसऱ्याला पाठवणे.

कथानक थोडक्यात सांगता येते. मेगन ही शाळकरी मुलगी शाळेच्या स्वच्छतागृहात स्वतःचे छायाचित्र काढते आणि एका मुलाला पाठवते. मग ती वर्गात येऊन बसते. मुलाकडून छायाचित्र पुढे जाते आणि वर्गातले फोन एकामागून एक वाजू लागतात. कोणी हसते, कोणी तोंड वाकडे करते. शेवटी शिक्षकांचाही फोन वाजतो. ते फोनकडे पाहतात, मग मेगनकडे पाहतात. त्यांच्या नजरेत अपेक्षाभंग असतो. मेगन रडत वर्गाबाहेर पळते. आपली छायाचित्रे कुठवर जातात याचा पुन्हा विचार करा, असा इशारा देऊन चित्रपट संपतो.

इतक्या जुन्या आणि इतक्या लहान चित्रपटाचे परीक्षण आज कशासाठी, असे वाचक विचारतील. कारण असे की चित्रपट जुना झाला तरी त्याचा साचा जुना झालेला नाही. शाळेत होणारी व्याख्याने, भिंतीवरची पोस्टरे, पालकसभेतील सूचना यांत तोच साचा दिसतो: एका मुलीने चूक केली, तिची बेअब्रू झाली, म्हणून मुलींनो सावध राहा. या साच्यातून विद्यार्थी नेमके काय शिकतात, हे तपासण्यास हा चित्रपट फार सोयीचा आहे.

चित्रपटाचे गुण आधी सांगितले पाहिजेत. त्यात काहीही बीभत्स दाखवलेले नाही. वर्ग खराखुरा वाटतो. फोनच्या आवाजांमधून बातमी पसरण्याचा वेग जसा कळतो, तसा तो तासाभराच्या व्याख्यानातूनही कळणार नाही. आमचा आक्षेप मांडणीला नाही, शिकवणीला आहे. शैक्षणिक साधनाला तीन प्रश्न विचारावेत असे आम्हांला वाटते. ते काय शिकवते? कोणाला शिकवते? आणि त्याचा परिणाम कोणी मोजला आहे काय?

दोष कोणाच्या पदरात?

गोष्टीतल्या कृती मोजून पाहू. मेगनने एक संदेश एका व्यक्तीला पाठवला. तिच्या संमतीची मर्यादा तेवढीच होती. त्यापुढचा प्रत्येक संदेश तिला न विचारता, दुसऱ्या कोणीतरी पाठवला आहे. तरीही चित्रपट इशारा देतो तो फक्त पहिल्या संदेशाबद्दल. पुढे पाठवणारी मुले जणू वारा आहेत किंवा पाऊस आहेत. त्यांना कोणी जाब विचारत नाही. सिडनीच्या संशोधक कॅथ अल्बरी आणि केट क्रॉफर्ड यांनी २०१२ मध्ये या चित्रपटावर लिहिताना संमतीचा हाच मुद्दा मांडला होता. छायाचित्र देणे आणि ते विनासंमती वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चित्रपट त्यांची सरमिसळ करतो.

ही सरमिसळ केवळ नैतिक नाही, गणितीही आहे. समजा, छायाचित्र मिळालेला प्रत्येक जण ते आणखी तिघांना पाठवतो. पहिल्या मुलाकडून तिघांकडे, तिघांकडून नऊ जणांकडे, नऊ जणांकडून सत्तावीस जणांकडे. १ + ३ + ९ + २७ = ४०. तीन पायऱ्यांत चाळीस विद्यार्थ्यांचा वर्ग पुरा होतो. आता समजा, पाठवणारा तिघांनाच पाठवतो, पण मिळालेल्या तिघांपैकी सरासरी एकापेक्षा कमी जण ते पुढे ढकलतात. मग साखळी वाढत नाही. ती काही पायऱ्यांत विझते. साथीच्या रोगांबाबत किंवा अणुभट्टीतील साखळी प्रक्रियेबाबत आपण जो नियम शिकवतो, तोच येथे लागू पडतो. प्रसार थांबवण्यासाठी वर्गातला प्रत्येक जण सज्जन असावा लागत नाही. पुढे न पाठवणाऱ्यांची संख्या एका मर्यादेपलीकडे गेली की पुरते.

या हिशेबात एक खोट आहे, ती लपवू नये. छायाचित्र एकदा शंभर जणांच्या ग्रुपमध्ये पडले, की 'तिघांना' हे गृहीतच कोसळते. तेथे शंभरांतल्या नव्व्याण्णवांनी संयम पाळला आणि एकानेच ते आणखी एका शंभरांच्या ग्रुपवर टाकले, तरी साखळी चालू राहते. तेव्हा नुसते हात आवरणारे विद्यार्थी पुरे नाहीत. वेळेवर मोठ्या माणसाला जाऊन सांगणारा कोणीतरी लागतो. हा मुद्दा लक्षात ठेवावा. पुढे त्याकडेच यायचे आहे.

छळवणुकीच्या व्याख्येशीही याचा संबंध आहे. शाळांतील छळवणुकीचा शास्त्रीय अभ्यास नॉर्वेचे डॅन ओल्वेयस यांनी सुरू केला. त्यांच्या व्याख्येत तीन खुणा होत्या: हेतुपुरस्सर दिलेला त्रास, त्याची पुनरावृत्ती, आणि दोन बाजूंच्या बळातील तफावत. फोनवरच्या छळात पुनरावृत्तीचे रूप बदलते. एकच विद्यार्थी दहा वेळा त्रास देत नाही. दहा विद्यार्थी एकेकदा देतात. प्रत्येक जण प्रामाणिकपणे म्हणू शकतो, 'मी तर एकदाच पाठवले.' सोसणाऱ्याच्या वाट्याला मात्र दहाही येतात.

आकडे काय सांगतात

या विषयावरचे आकडे सावधपणे हाताळावे लागतात. अमेरिकेत २००८ मध्ये झालेल्या एका पाहणीत १३ ते १९ वयाच्या सुमारे २० टक्के मुलामुलींनी अशी छायाचित्रे पाठवल्याचे किंवा टाकल्याचे सांगितले, आणि तो आकडा वर्तमानपत्रांत गाजला. २०१२ साली तेथेच प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात १० ते १७ वयाच्या १५६० मुलांपैकी, स्वतःचे नग्न वा जवळजवळ नग्न छायाचित्र काढलेली किंवा त्यात दिसलेली मुले अवघी २.५ टक्के निघाली. दोन्ही आकडे खरे असू शकतात. वय निराळे, नमुना निवडण्याची पद्धत निराळी, 'अर्धनग्न' शब्दाची व्याप्तीही निराळी. 'पाच मुलांतला एक' असे वाक्य वर्गात उच्चारण्यापूर्वी हे तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत. सगळेच असे करतात, असा समज पसरला तर ज्या मुलांना हे करायचे नाही तीही एकटी पडतात.

२०१८ मध्ये शेरी मॅडिगन आणि सहकाऱ्यांनी ३९ अभ्यासांची एकत्रित छाननी प्रसिद्ध केली. त्यांत मिळून १,१०,३८० तरुण सहभागी होते. अशी छायाचित्रे किंवा मजकूर पाठवणारे १४.८ टक्के, मिळालेले २७.४ टक्के, आणि दुसऱ्याचे विनासंमती पुढे पाठवल्याचे कबूल करणारे १२ टक्के आढळले. हा शेवटचा आकडा मोजक्याच अभ्यासांवर उभा आहे आणि सगळे आकडे एकाच गटाचे नाहीत, म्हणून त्यांची परस्परांत वजाबाकी करू नये. शिवाय बहुतेक अभ्यास अमेरिका आणि युरोपातले. ते जसेच्या तसे आपल्या शाळांना लावता येणार नाहीत. पण एवढे दिसते की पुढे पाठवणारे विद्यार्थी वाऱ्यापावसासारखे अदृश्य नाहीत. ते मोजता येतात आणि विचारले तर कबूलही करतात. ज्या कृतीवर शिक्षणाचा परिणाम व्हावा अशी ती कृती आहे. नेमके तिच्याबद्दलच 'मेगन्स स्टोरी' गप्प आहे.

भीतीचा धडा

चित्रपटाची पद्धत भीतीची आहे. 'घाबरली तरी चालतील, पण वाचतील' असे म्हणणारे शिक्षक पुष्कळ आहेत आणि त्यांचा हेतू चांगलाच असतो. परंतु हेतूवरून परिणाम ठरत नाही. याचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. न्यू जर्सीतील राहवे तुरुंगात वाट चुकलेल्या मुलांना नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांसमोर उभे करीत. कैदी त्यांच्यावर ओरडत आणि तुरुंगातल्या आयुष्याचे भयंकर वर्णन करीत. यावरचा 'स्केअर्ड स्ट्रेट' हा १९७८ चा माहितीपट ऑस्करविजेता ठरला आणि ही पद्धत इतरत्रही उचलली गेली. पुढे अशा कार्यक्रमांच्या नऊ प्रयोगांची एकत्रित छाननी झाली. या प्रयोगांत कोणती मुले तुरुंगभेटीला जाणार आणि कोणती नाही, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवलेले होते. निष्कर्ष असा निघाला की भेटीला नेलेल्या मुलांमध्ये नंतरचे गुन्हे कमी तर झाले नाहीतच, उलट वाढले. चित्रपट पाहून प्रेक्षकांचे डोळे पाणावले होते. मोजमाप मात्र कोणी वेळेवर केले नव्हते.

सरसकट भीती निरुपयोगी असते, असे आम्ही म्हणत नाही. आरोग्यविषयक संदेशांच्या अभ्यासांत असे दिसते की भीतीबरोबर 'तुम्ही अमुक करू शकता' असा जमण्याजोगा उपायही सांगितला, तर संदेश अधिक परिणाम करतो. साप चावल्यावर काय होते एवढेच सांगून धडा संपवला, तर मुले रात्री झोपणार नाहीत. दवाखाना कुठे आहे हेही सांगावे लागते. 'मेगन्स स्टोरी' दवाखाना सांगत नाही. ज्या मुलीचे छायाचित्र कालच पाठवून झाले आहे, तिला या चित्रपटातून एकच गोष्ट कळते: आता सगळे संपले.

बघ्यांचे शिक्षण

दुसरी पद्धत अस्तित्वात आहे आणि ती मोजलेली आहे. फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९० च्या दशकात वर्गातल्या छळाच्या वेळी इतर मुले काय करतात याचा अभ्यास केला. काही छळणाऱ्याला साथ देतात, काही हसून चेव आणतात, काही बाजूला होतात आणि थोडी पीडिताच्या बाजूने उभी राहतात. याच पायावर 'किवा' हा शालेय कार्यक्रम उभा राहिला. त्यात बघ्यांना काय करता येईल हे वर्षभर वर्गात चर्चेतून आणि प्रसंग रंगवून शिकवतात. एखादे प्रकरण उघडकीस आले, तर ते कोणी हाताळायचे यासाठी शाळेत शिक्षकांचा छोटा गट आधीच नेमलेला असतो. चौथी ते सहावीच्या ७८ शाळांतील ८२३७ विद्यार्थ्यांवर याची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. कार्यक्रम राबवलेल्या शाळांत छळ तुलनेच्या शाळांपेक्षा कमी झाला.

येथेही उत्साहाला थोडा आवर घालावा. छळ कमी झाला, नाहीसा झाला नाही. आणि सातवी ते नववीच्या वर्गांत परिणाम खालच्या वर्गांपेक्षा दुबळा आढळला. किशोरवयात मित्रांचे मत शिक्षकांच्या मतापेक्षा जड ठरते, हे त्याचे एक कारण असू शकेल. म्हणजे फोन हाती येण्याच्या वयाआधीच, प्राथमिक शाळेत, 'दुसऱ्याची वस्तू त्याला विचारल्याशिवाय देऊ नये' या साध्या नियमापासून सुरुवात करणे शहाणपणाचे. खोडरबर, वही, गुपित आणि छायाचित्र ही एकाच नियमाची चढती उदाहरणे आहेत.

शिक्षकांची नजर

आता चित्रपटातील ज्या पात्राकडे टीकाकारांचे सहसा लक्ष जात नाही, त्याच्याकडे येऊ. ते पात्र म्हणजे शिक्षक. आमच्या मते चित्रपटातील सर्वांत घातक क्षण मुलांच्या हसण्याचा नाही, शिक्षकांच्या नजरेचा आहे. वर्गात तेच एकटे प्रौढ आहेत. फोन बंद करायला लावणे, मेगनला सुरक्षित जागी नेणे, पाठवणाऱ्यांना थांबवणे हे सर्व त्यांच्या हातात आहे. ते यातले काहीच करीत नाहीत. ते मुलीकडे निराशेने पाहतात आणि दिग्दर्शक त्या नजरेला दोष देत नाही. उलट तिलाच न्यायनिवाडा बनवतो. हा चित्रपट पाहणाऱ्या मुलीला कळते की शिक्षकांना समजले तर ते असेच पाहतील. मग ती सांगणार नाही. आणि वर आपण पाहिले की ग्रुपवरची साखळी तोडण्यासाठी वेळेवर सांगणे हाच मुख्य उपाय आहे. उपायाचा दरवाजाच चित्रपट बंद करतो.

हे नुकसान कल्पनेतले नाही, कारण वेळ वाया गेला तर तांत्रिक उपायही हातचे जातात. अशा एका उपायाची माहिती शिक्षकांना असावी. अमेरिकेतील बेपत्ता व शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राने फेब्रुवारी २०२३ मध्ये 'टेक इट डाउन' ही सेवा सुरू केली. अठरा वर्षांखालील वयात काढलेल्या छायाचित्रासाठी तिचा उपयोग करता येतो. छायाचित्र कोणालाही पाठवावे लागत नाही. फोनवरच त्यातून गणिती रीतीने एक अंकमालिका तयार होते. तिला 'हॅश' म्हणतात. बोटाच्या ठशावरून माणूस ओळखता येतो, पण ठशावरून त्याचा चेहरा काढता येत नाही. तसेच हॅशवरून छायाचित्र पुन्हा तयार करता येत नाही. ही अंकमालिका सहभागी कंपन्यांकडे जाते आणि जुळणारे चित्र त्यांच्या सेवांवर आढळल्यास त्या ते काढू शकतात. उपायाला मर्यादा आहेत. सहभागी नसलेल्या सेवांवर तो चालत नाही आणि ज्या संदेशांची सामग्री कंपनीलाच दिसत नाही तेथे तो पोचत नाही. म्हणूनच तो जितका लवकर योजावा तितका बरा.

आपल्याकडे शिक्षकांच्या भूमिकेला कायद्याचीही बाजू आहे. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा 'पॉक्सो' कायदा २०१२ चा आहे. त्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि गुन्ह्याची माहिती मिळालेल्या व्यक्तीवर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६७-ब हे कलम बालकांची अश्लील छायाचित्रे प्रसारित करण्यास पहिल्या गुन्ह्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात अशी सामग्री जवळ बाळगण्याचा प्रश्नही गांभीर्याने घेतला आणि तिला 'पोर्नोग्राफी' न म्हणता बालकांच्या लैंगिक शोषणाची सामग्री म्हणावे, असे सुचवले. नाव बदलले की दोषाची जागाही बदलते: छायाचित्रातील बालक हे पीडित ठरते.

याचा व्यावहारिक अर्थ शिक्षकांनी नीट समजून घ्यावा. 'बघू, काय आहे ते' म्हणून छायाचित्र आपल्या फोनवर मागवू नये. 'पुरावा' म्हणून ते मुख्याध्यापकांना किंवा पालकांना पाठवू नये; तसे केले तर साखळीतली पुढची कडी आपणच होतो. कोणत्या खात्यावरून, कोणत्या ग्रुपवर, कधी आले एवढे लिहून ठेवावे. १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टल यांची माहिती शाळेच्या फलकावर असावी. आणि या सगळ्याआधी मुलीला किंवा मुलाला सांगावे, 'तू येऊन सांगितलेस हे फार चांगले केलेस.' या वाक्याला खर्च नाही, प्रशिक्षण लागत नाही, आणि चित्रपटात नेमके तेच नाही.

कायद्याचा धाक दाखवूनच काम भागेल, असे मात्र नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने या प्रश्नावर संसदीय चौकशी केली आणि २०१४ मध्ये कायदा बदलला. वयाने जवळच्या किशोरांमधील आपसांतली देवाणघेवाण बालशोषणाच्या गंभीर गुन्ह्यातून वगळली आणि एखाद्याचे खासगी छायाचित्र वाटणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. म्हणजे 'मेगन्स स्टोरी'ने पुसलेली रेघ कायद्याने पुन्हा आखली. आपल्या कायद्यात स्वतःहून काढलेल्या छायाचित्रासाठी अशी सवलत लिहिलेली नाही, हे मोठ्या विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगावे. पण सांगताना हेही ध्यानात ठेवावे की केवळ शिक्षेची यादी ऐकलेला पीडित विद्यार्थी आणखीच मिटून जातो.

वर्गात करून पाहण्यासारखे

या चित्रपटाचा उपयोगच नाही, असे आमचे मत नाही. तो अपुऱ्या प्रयोगासारखा वापरावा. पडदा लागत नाही. मेगनची गोष्ट शिक्षकांनी तोंडी सांगावी आणि पहिला फोन वाजतो तेथे थांबावे. मग विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या वाटाव्यात. एकीवर 'तो मुलगा', एकीवर 'शेजारच्या बाकावरची मैत्रीण', एकीवर 'ग्रुपचा ॲडमिन', एकीवर 'शिक्षक'. प्रत्येकाने आपल्याला मिळालेल्या पात्राने पुढच्या पाच मिनिटांत काय करावे, ते नाव न घालता लिहावे. मेगनची चिठ्ठी मुद्दामच काढू नये. तिला उपदेश करणारे पुष्कळ आहेत.

चिठ्ठ्या गोळा झाल्यावर, न पाठवणारे किती आणि जाऊन सांगणारे किती, हे फळ्यावर दोन स्तंभांत मांडावे. शिक्षकाच्या नावाच्या चिठ्ठ्या मात्र शिक्षकांनी घरी नेऊन शांतपणे वाचाव्यात. आपण काय करू, याबद्दल विद्यार्थ्यांची खरी अपेक्षा काय आहे, हे त्यांतून कळेल. 'ते रागावतील', 'ते घरी सांगतील' अशा चिठ्ठ्या अधिक निघाल्या, तर सुरुवात कुठून करायची तेही समजेल.